गुब्बिओचा १५ मे: दादा, मी आणि तीन चेरो

आधी तारखेचं सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर ठरतं. इटलीतल्या गुब्बिओ गावात चेरोंचा उत्सव दरवर्षी १५ मेलाच होतो, वार कोणताही असो. २०२५ साली गुरुवार होता. गावाचे बिशप संत उबाल्दो ११६० साली १६ मेला वारले. त्यांच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी हा सोहळा असतो. त्यामुळे 'जवळच्या शनिवार-रविवारी होत असेल' या भरवशावर तिकीट काढू नका.

उत्सव थोडक्यात असा. लाकडाचे तीन उंच मनोरे म्हणजे तीन चेरो. प्रत्येकाची उंची चार मीटरच्या वर, वजन तीनशे किलोंच्या आसपास. ते खांद्यांवर उभेच्या उभे धरून आधी गावातून आणि मग मोन्ते इंजिनो हा डोंगर चढून वरच्या बॅसिलिकापर्यंत, म्हणजे संत उबाल्दोंच्या मोठ्या चर्चपर्यंत, पळत न्यायचे. प्रत्येकाच्या टोकावर एका संताची छोटी मूर्ती असते. उबाल्दो गवंड्यांचे, जोर्जो व्यापारी-कारागिरांचे, अंतोनियो शेतकऱ्यांचे. खांदेकऱ्यांना चेरायोली म्हणतात. त्यांचे शर्ट याच क्रमाने पिवळे, निळे आणि काळे. पांढरी पँट, लाल कमरपट्टा आणि गळ्यात लाल रुमाल मात्र सगळ्यांना सारखा. उम्ब्रिया प्रांताच्या झेंड्यावर दिसतात ते हेच तीन चेरो.

पळतात खरे, पण पुढे कोणी कोणाच्या जात नाही. उबाल्दो पहिले, जोर्जो दुसरे, अंतोनियो तिसरे, हा क्रम बदलत नाही. मग चुरस कशाची? चेरो पडू द्यायचा नाही, कलू द्यायचा नाही आणि मागच्याने पुढच्यापासून अंतर पडू द्यायचं नाही. वर्षभर गाव बोलतं ते यावरच.

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, हे कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं आणि मला रात्री साडेदहाला फोन केला. आम्ही सासवडचे. चैत्रात शिखर शिंगणापूरला जाणारी भुतोजी तेली बुवांची कावड मुंगी घाटाने चढते, तिला दादाने तरुणपणी अनेक वर्षं खांदा दिलाय. "अगं, हे लोक खांदा कसा बदलतात ते बघायचंय मला," एवढंच म्हणाला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यात पासपोर्ट काढलेला नाही आणि युरोपात बघायचं काय, तर खांदेपालट. मी बँकेत आहे, रजा शिल्लक होती. म्हटलं, जाऊ या. पॅरिस-स्वित्झर्लंड काही जोडायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. दादाच्या गुडघ्याला आणि माझ्या खात्याला तेवढंच झेपणार होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दादाच्या पासपोर्टचा अर्ज भरला. साध्या मार्गाने १,५०० रुपये फी, मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात एक सकाळ, नंतर पोलीस पडताळणी. त्यात सांगण्यासारखं काही नाही. कागदांवरची नावं जुळत असली की काम होतं.

खोली मात्र डिसेंबरातच धरली आणि पुढे जाणाऱ्यांना माझा आग्रह आहे की तिकिटाच्या आधी खोली बघा. गुब्बिओ लहान आहे. त्या आठवड्यात बाहेरगावी राहणारे गुब्बिओकर झाडून घरी येतात. तटबंदीच्या आत जे उरलं होतं त्यांना एक-दोन रात्रींचं गिऱ्हाईक नको होतं. शेवटी गावकुसाबाहेर, चालत वीसेक मिनिटांवर, एका बाईंच्या घरातली वरची खोली मिळाली. दोन पलंग, रात्रीचे ९५ युरो. व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळतील अशी अट असलेलंच बुकिंग केलं. इथे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

आता व्हिसा. शेंगेनचा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस, पण ते पंचेचाळीसपर्यंत ताणू शकतात. शिवाय अर्ज द्यायला वेळ मिळणं हीच मोठी अडचण. फेब्रुवारीभर रोज सकाळी चहाआधी वेबसाइट उघडायची सवय लागली. कधी स्लॉट दिसायचा आणि नाव टाकेपर्यंत नाहीसा व्हायचा. एका एजंटने 'स्लॉटचे वेगळे' म्हणून जो आकडा सांगितला, त्यात दादाचा विमा दोनदा निघाला असता. नाही म्हटलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली मुंबईची वेळ शेवटी मिळाली, तीही दोघांची एकाच दिवशी.

कागदांत अडकलो ते भलत्याच ठिकाणी. दादाची पेन्शन तुटपुंजी, म्हणून त्याचा खर्च मी करणार असं पत्र जोडायचं होतं. म्हणजे आम्ही सख्खे भाऊ-बहीण आहोत हे सिद्ध करणं आलं. लग्नानंतर माझं आडनावच काय, नावही बदललेलं. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं असतात, तेवढ्याने भागेल असं वाटलं होतं. पण आईचं नाव त्याच्या पासपोर्टवर एका स्पेलिंगने, माझ्यावर दुसऱ्या. मग माझा शाळा सोडल्याचा दाखला, विवाह प्रमाणपत्र, दादाचा शाळेचा दाखला आणि 'या दोन नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र, असा गठ्ठा झाला. मराठी दाखल्यांची इंग्रजी भाषांतरं करून घेतली. नावाचा असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

बाकी यादी नेहमीचीच. सहा महिन्यांचं बँकेचं विवरण शिक्क्यासह, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, माझं रजेचं पत्र, दादाचे पेन्शनचे कागद, किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा, विमानाचं आरक्षण आणि खोलीचं बुकिंग. दादाचं वय बासष्ट असल्याने विम्याचा हप्ता माझ्या अडीचपट आला. व्हिसा फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, म्हणजे तेव्हाच्या दराने माणशी आठ हजारांच्या वर. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरिअर वेगळं.

अर्जासोबतच्या पत्रावर मी वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं. पहिल्यांदाच परदेशी निघालेला निवृत्त माणूस, सगळा मुक्काम एकाच अनोळखी गावात. कोणालाही हे विचित्र वाटणारच. काउंटरवरच्या मुलीनेही विचारलं, "बस, एकच गाव?" तिच्या हातात निर्णय नसतो, ती कागद घेते आणि बोटांचे ठसे घेते. निर्णय वकिलातीचा. म्हणून पत्रात सरळ लिहिलं होतं की १५ मेचा उत्सव बघायला जातोय, आमच्याकडे अशीच एक परंपरा आहे आणि भाऊ तिच्यात खांदेकरी होता. त्याचा कावडीसोबतचा जुना फोटोही जोडला. शिवाय दिवसवार तक्ता दिला, कोणत्या दिवशी कुठे झोपणार, कशाने जाणार.

सुमारे तीन आठवड्यांनी पासपोर्ट घरी आले. व्हिसा होता. स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात त्या नीट वाचा. एक, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालेल. दुसरी, त्यात किती दिवस राहता येईल. पहिला कालावधी मोठा दिसतो म्हणून जास्त राहायला गेलात तर पंचाईत.

सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच एप्रिलअखेर पहलगाम झालं, ७ मेला ऑपरेशन सिंदूर. उत्तर आणि पश्चिम भारतातले कितीतरी विमानतळ बंद झाले. मुंबई सुरू होतं, पण घरात कोणाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. वहिनी म्हणाली, "अशा वेळी कुठे निघालात?" तिचं चुकत नव्हतं. आम्ही बॅगा भरल्या नाहीत, नुसत्या कॉटवर उघड्या ठेवल्या. १० तारखेला शस्त्रसंधी जाहीर झाली आणि ११ला दादाचा फोन आला, "काय करायचं?" त्याला जायचंच होतं, हे आवाजावरून कळत होतं. विमान आखातामार्गे होतं, त्यामुळे पाकिस्तानचं आकाश बंद असण्याचा फटका आम्हाला बसला नाही. विमानतळावर मात्र तपासणी कडक होती आणि तीन तास आधी या असे संदेश येत होते. आम्ही चार तास आधी पोहोचलो. पुण्याहून निघणाऱ्याला एक्स्प्रेस वेचाही विचार करावा लागतो.

रोमबद्दल थोडंच. १३ मेला दुपारी फ्युमिचिनोला उतरलो. तिथून तेर्मिनी स्टेशनला जाणाऱ्या लिओनार्दो एक्स्प्रेसचं तिकीट १४ युरो, अर्ध्या तासात पोहोचवते. ८ मेला नव्या पोपची निवड झाली होती, १८ला त्यांच्या पदग्रहणाची मोठी प्रार्थनासभा होती आणि त्यात ज्युबिली, म्हणजे कॅथलिकांचं यात्रेचं पवित्र वर्ष. स्टेशनजवळच्या सामान्य खोलीलाही भलता भाव लागला होता. कोलोसियम बाहेरून पाहिलं आणि झोपलो.

गुब्बिओला रेल्वे नाही. रोम-आंकोना मार्गावर फोस्सातो दी विको नावाचं लहान स्टेशन आहे, तिथे उतरून वीसेक किलोमीटर बसने जायचं. पेरुजाहूनही बस आहे. फोस्सातोची गाडी रोमहून साधारण सव्वादोन-अडीच तास घेते. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलं तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. बसचं तिकीट शक्यतो आधीच स्टेशनजवळच्या बारमध्ये किंवा तंबाखूच्या दुकानात घ्यायचं, गाडीत महाग पडतं. प्रत्येक रेल्वेगाडीला जोडून बस असतेच असं नाही. आम्ही तासभर बाकावर बसून होतो. बस आली तेव्हा दादाने आधी वाकून तिचे टायर पाहिले, मग चढला.

१४ तारखेलाच पोहोचा, हे ठासून सांगते. १५ला गावाचा मधला भाग वाहनांना बंद असतो आणि बसचा नेहमीचा थांबा, पियाझ्झा क्वारांता मार्तिरी, उत्सवाच्याच वाटेवर आहे. या चौकाचं नाव २२ जून १९४४ रोजी जर्मन सैन्याने गोळ्या घातलेल्या चाळीस गावकऱ्यांवरून पडलंय. आम्ही सामान घेऊन तिथे उतरलो तेव्हा समोर सगळं गाव एकदम वर चढत गेलेलं दिसलं. करड्या दगडाच्या घरांच्या ओळी एकीवर एक आणि मधोमध पलाझ्झो देई कोन्सोली हा चौदाव्या शतकातला उंच वाडा. दादा म्हणाला, "चढ आहे."

घरमालकीण सत्तरीच्या, इंग्रजी चार शब्द. आल्या आल्या आमचे पासपोर्ट घेऊन नोंदी केल्या. तिकडे प्रत्येक पाहुण्याची माहिती पोलिसांना कळवावी लागते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नगरपालिकेचा पर्यटन कर रोख घेतला. मग फोनच्या भाषांतराने त्यांनी विचारलं, कुठे उभं राहणार? आमचं उत्तर ठरलेलं नव्हतं. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर गावाचा नकाशा काढला आणि तीन ठिकाणी फुल्या मारल्या. त्या पाकिटाएवढी उपयोगी माहिती मला महिनाभर इंटरनेटवर मिळाली नव्हती, म्हणून इथे देते.

पहिली फुली पियाझ्झा ग्रांदे, वाड्यासमोरचा चौक. दुपारी बारा वाजता इथे चेरो उभे करतात. दुसरी फुली खालच्या गल्ल्यांची, जिथून ते संध्याकाळी पळत जातात. तिसरी डोंगराची वाट. सकाळचं चौकातलं आणि संध्याकाळचं एक, एवढंच जमतं. संध्याकाळी गल्ली आणि डोंगर दोन्ही बघू म्हणणारे दोन्हीला मुकतात. गल्लीत उभं राहायचं तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला आणि पायऱ्यांच्या कडेला थांबू नका, असं त्यांनी हाताने तिरपा चेरो करून दाखवलं. तीनशे किलो कलले की कुठे जातात ते दादाला सांगायची गरज नव्हती.

रात्री गावात फिरलो. चेरायोलींच्या तिन्ही गटांची मंडळी गल्लीबोळांत टेबलं टाकून खात-पीत, गात बसली होती. आमच्याकडे कोणी खास लक्ष दिलं नाही आणि मला ते बरं वाटलं. हा पर्यटकांसाठी मांडलेला खेळ नाही. प्रवेश तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. एका दुकानातून लाल रुमाल घेतले, ते पाहुण्यांनी बांधले तरी चालतात. रंगीत शर्ट मात्र घेऊ नका. पिवळा, निळा की काळा हे तिथे घराण्यातून आणि मनातून ठरतं. गंमत म्हणून घालायची ती गोष्ट नव्हे.

१५ला पहाटे ढोलांनी जाग आली. ढोलवाले गावभर फिरून उत्सवाच्या कप्तानांना उठवतात. मग गवंड्यांच्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थना होते आणि तिथून तिन्ही संतांच्या मूर्ती मिरवत वाड्यात आणतात. आम्ही साडेनऊला चौकात शिरलो आणि त्यानंतर बाहेर पडायचा प्रश्नच उरला नाही. पाणी, टोपी, आधीच उरकलेलं स्वच्छतागृह, एवढी तयारी हवी. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. गर्दीचा धक्का सोसत नसेल तर चौकात येऊच नका. मी आमच्या मावशीला किंवा लहान मुलांना तिथे कधीही नेणार नाही.

साडेअकरानंतर वाड्यातून रंगांचे लोंढे बाहेर आले. चेरो आडवे, त्यांच्या लाकडी बैठकीत ठोकून बसवलेले. प्रत्येकावर एक कापोदिएची, म्हणजे त्या गटाचा म्होरक्या, उभा. त्याच्या हातात रंगीत मातीची सुरई. वरती घंटा वाजू लागली. कांपानोने नावाची ही प्रचंड घंटा वाजवणारे हातांइतकाच पायांनी जोर लावतात, खालूनही त्यांची धडपड दिसते. कापोदिएचीने बैठकीच्या सांध्यावर पाणी ओतलं, उरलेल्या पाण्यासकट सुरई गर्दीत भिरकावली आणि त्याच क्षणी तिन्ही चेरो उभे झाले. हळूहळू नाही, एका हिसक्यात. सुरईचा तुकडा मिळणं शुभ मानतात, त्यामुळे ती जिथे पडली तिथे माणसांचा ढीग झाला. पाण्याचे शिंतोडे आमच्यापर्यंत आले, खापर नाही. मग प्रत्येक चेरोने चौकात तीन फेऱ्या मारल्या. सगळा मिळून थोडका वेळ. दादा काही बोलला नाही, पण त्याचा उजवा खांदा नकळत वर गेला होता.

त्यानंतर तासन्‌तास चेरो गावातून सावकाश फिरतात, ओळखीच्या घरांसमोर थांबतात. मग ते एका गल्लीत विसावतात आणि माणसं जेवायला जातात. हा वेळ खाण्याचा. क्रेश्शा नावाची जाड भाजलेली पोळी मिळते, मध्ये परतलेली पालेभाजी घालून मी खाल्ली. दादाने फ्रिक्को, म्हणजे टोमॅटो-वाइनमध्ये शिजवलेलं मांस, मागवलं आणि तिखट नाही म्हणून खिशातून चटणीची पुडी काढली. वाढणाऱ्या पोराने वास घेऊन चिमूटभर मागून घेतली.

संध्याकाळसाठी आम्ही डोंगर निवडला. दादा दुसरं काही निवडणारच नव्हता. पोर्ता सान्तुबाल्दो या वरच्या वेशीतून नागमोडी रुंद वाट बॅसिलिकाकडे जाते, चढ सुमारे तीनशे मीटरचा. तीन वाजता निघालो, थांबत थांबत गेलो आणि दुसऱ्या वळणाजवळ आतल्या बाजूला बांधावर जागा मिळाली. शेजारी एक आजोबा घडीची खुर्ची घेऊन आले होते. त्यांनी दादाच्या गुडघ्याकडे पाहून खुर्ची पुढे केली, दादाने नाकारली, त्यांनी पुन्हा केली. शेवटी दोघेही आळीपाळीने बसले.

सहाच्या सुमाराला खालून घंटेचा आवाज बदलला. शर्यत सुरू झाली होती, पण आमच्यापर्यंत यायला बराच अवकाश होता. आधी खालच्या गल्ल्या, मग विसावा, मग चौकातल्या फेऱ्या, त्यानंतर डोंगर. वाट पाहताना कळतं ते फक्त आवाजावरून. गर्दीचा कल्लोळ एका जागी उठतो, सरकतो, थांबतो. आजोबा कान देऊन ऐकत आणि बोटाने हवेत रस्ता दाखवत. मग एकदम खालच्या वळणावरून ओरडा आला, "विया के एक्कोली!", बाजूला व्हा, आले! आणि सगळे बांधाला चिकटले.

पहिला चेरो दिसला तो माणसांच्या डोक्यांवरून नुसता तरंगत येणारा संत. मग खालची माणसं. मला वाटलं होतं चढावर वेग कमी होईल. तसं काही झालं नाही. दांड्यांखालचे पळत असतात, त्यांना दोन्ही बाजूंनी दुसरे दंडाला धरून ओढत असतात आणि पुढच्या टप्प्याचे आधीच वाटेत उभे असतात. चेरो त्यांच्यापाशी आला की ते पळता पळताच दांडीखाली शिरतात, जुने सुटून कडेला कोसळतात. चेरो थांबत नाही. आमच्यासमोरच एक पालट झाली. काळा चेरो, अंतोनियोंचा, तिसरा आला तेव्हा क्षणभर वाटेच्या बाहेर झुकला, सगळ्यांच्या घशातून एकच आवाज निघाला आणि तो पुन्हा सरळ झाला. एवढंच. डोंगरावर चार तास थांबलो, त्यातला बघायचा भाग मिनिटभराचाही नसेल.

दादाचं मत मी त्याच्याच शब्दांत देते, कारण ते ऐकायलाच आम्ही गेलो होतो. "आपल्याकडे खांदा बदलताना कावड एकदा दबते, मग उचलतात. यांची दबतच नाही. नवा माणूस जुन्याच्या पायात पाय टाकून आत येतो. पण आपला मुंगी घाट यांना दोर लावल्याशिवाय चढायचा नाही." शेवटचं वाक्य आजोबांना सांग म्हणाला. मी फोनमधून सांगितलं. आजोबांनी मुंगी घाटाचा व्हिडिओ मागितला, दोनदा पाहिला आणि त्यांच्या भाषेत शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवला.

वर बॅसिलिकापाशी काय होतं ते आम्ही ऐकूनच आहोत. उबाल्दोंचा चेरो आत शिरला की त्यांची माणसं दार लावून घ्यायला बघतात आणि जोर्जोंची ते लागू न देता आत घुसायला. दार वेळेत लागलं की नाही यावर रात्रभर वाद. अंधार पडताना संतांच्या मूर्ती मेणबत्त्यांच्या उजेडात, गाणी म्हणत खाली गावात आणतात. आम्ही त्यांच्या मागून उतरलो. बॅटरी न्या, वाट खडबडीत आहे आणि दमलेली माणसं बेफिकीर चालतात. गुडघ्याचा पट्टा दादाने सकाळीच बांधला होता, तरी खोलीवर पोहोचायला साडेदहा झाले.

नंतरचे दिवस निवांत. पलाझ्झो देई कोन्सोलीच्या संग्रहालयात इगुवियम पट्टे बघाच. काशाचे सात पत्रे, उम्ब्रियन या आता मेलेल्या भाषेतले, काही तिच्या स्वतःच्या लिपीत, काही लॅटिन लिपीत. १४४४ साली सापडले आणि १४५६ साली गावाने विकत घेतले. मजकूर आहे पूजाविधींचा. कोणत्या देवाला कोणता बळी, मिरवणूक कुठून न्यायची, पुरोहिताने काय म्हणायचं. चेरोंची प्रथा तिथून आली असं काही अभ्यासक सुचवतात. घरमालकीणबाईंना ते मान्य नव्हतं, सगळं संत उबाल्दोंचंच.

डोंगरावर पुन्हा गेलो ते या वेळी फुनिविआने. तारेवरून जाणारे हे उघडे पिंजरे आहेत, उभ्याने दोन माणसं मावतात. पिंजरा तुमच्यासाठी थांबत नाही. जमिनीवरच्या खुणेवर उभं राहायचं, माणूस हाताला धरून चालत्या पिंजऱ्यात चढवतो. उंचीची भीती असेल तर पायी जा. वरच्या बॅसिलिकात काचेच्या पेटीत संतांचा देह आहे आणि भिंतीशी तिन्ही चेरो उभे असतात, ते पुढच्या मे महिन्याच्या पहिल्या रविवारी खाली उतरेपर्यंत. दादाने बैठकीच्या दांड्या किती जाड आहेत ते विती लावून मोजलं. आतल्या सेवकाने पाहिलं, काही म्हणाला नाही.

१७ला शनिवारी गुब्बिओ सोडलं, कारण रविवारी बस कमी आणि रोममध्ये पोपचा सोहळा. त्याच रात्रीचं परतीचं विमान होतं. शिक्के मारलेले पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि खोलीच्या पावत्या मी फाइलला लावून ठेवल्या आहेत. युरोपीय संघाने एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी नियम सैल केलेत. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो.

खर्च दोघांचा मिळून पावणेतीन लाखांच्या घरात गेला. त्यातला निम्म्याच्या आसपास विमानाचा, मग राहण्याचा. उत्सव स्वतः फुकट.

चौकातली गर्दी ज्यांना झेपणार नाही किंवा ज्यांच्यासोबत मुलं आहेत त्यांनी २ जूनचा विचार करावा. त्या दिवशी गावातली लहान मुलं त्यांच्या आकाराचे छोटे चेरो घेऊन हेच सगळं करतात. शाळांची सुट्टी असते, तिकडे २ जून हा प्रजासत्ताक दिन. दादाच्या नातवाचा पासपोर्टचा अर्ज गेल्या आठवड्यात भरला. या वेळी आईच्या नावाचं स्पेलिंग मी स्वतः तपासलंय.